धूळ मागत: बाभुळगाव ते पांढरकवडा

यवतमाळ जिल्ह्यात मी दोनदा जाऊन आले. एकदा जानेवारी संपताना, नंतर मार्चमध्ये. दोन्ही वेळा कामासाठीच. मी मूळची सांगलीची. नोकरी नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत. काम असं होतं की लोकांच्या घरात जायचं, त्यांच्या घरातली धूळ मागायची, ती घेऊन परत यायचं आणि तिच्यात शिसं किती आहे ते मोजायचं. मैत्रिणींना सांगितलं तेव्हा एक म्हणाली, "माझ्याकडेही ये, भरपूर देते."

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. पांढरकवड्याजवळच्या एका गावात पूर्वा नावाची तीन वर्षांची मुलगी होती. पोट दुखायचं, अंगात रक्त नाही, जेवण नको, सारखी चिडचिड. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं, आणि बरंच निघालं. घरात कोणी बॅटरीचं काम करतं का, असं त्यांनी विचारलं. करत होतं. मुलीच्या वडिलांचे थोरले भाऊ देवराव यांचं हायवेला ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान आहे. बॅटरीच्या आतल्या पट्ट्या शिशाच्या असतात. त्या कामाची भुकटी कपड्यांवरून घरी येते, जमिनीवर पडते, आणि रांगणारं, खेळणारं मूल तोंडात बोटं घालतं. डॉक्टरांचं विचारणं रास्त होतं. पण एवढं विचारल्यावर त्याच आठवड्यात देवराव अंथरूण-पांघरूण घेऊन दुकानात राहायला गेले. दोन महिन्यांनी मुलीचं रक्त पुन्हा तपासलं. आकडा जवळजवळ तिथंच होता. तेव्हा डॉक्टरांनी आमच्याकडे विचारणा केली की, त्या घरातली धूळ नीट मोजून द्याल का?

या "नीट" शब्दासाठी मला तीन गावं फिरावी लागली. एकाच घराचा आकडा हातात घेऊन काही कळत नाही. ज्या घरात बॅटरी नाही, आजारी मूल नाही, अशा साध्यासुध्या घरांमध्ये किती शिसं असतं ते आधी माहीत हवं. म्हणून बाभुळगाव, मग आर्णी, आणि शेवटी पांढरकवडा.

बाभुळगाव

यवतमाळहून गाडी केली. गाडीवाल्याचं नाव नामदेवभाऊ, पन्नाशीचे, टापटिपीचे. गाडीच्या काचेवर एक डाग पडलेला त्यांना खपत नसे. वाटेत दोन्ही बाजूंना कापसाची शेवटची वेचणी चालली होती. वेचून झालेल्या कपाशीच्या पळाट्या उघड्याबोडक्या उभ्या, आणि मधूनमधून तुरीचे ढीग. आमच्याकडे या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकते, इथे कापसाच्या गाड्यांमागे अडकली. फरक एवढाच की इथे रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले असतात.

बाभुळगावातलं पहिलं घर वसंतरावांचं. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. ओळखीतून नाव मिळालं होतं, आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता, आणि तीच माझी चूक ठरली. आम्ही पोचलो तेव्हा घर लख्ख होतं. फरशी दोनदा पुसलेली, पायपोस झटकलेलं, दारात रांगोळी. वसंतरावांच्या पत्नी कुसुमताई दारातच उभ्या होत्या.

"या. बघा कुठे धूळ दिसते का."

"काकू, मला धूळच हवी होती."

"आमच्या घरी?" त्या हसल्या, पण आवाज हसरा नव्हता. "चाळीस वर्षं या घरात संसार केला. पाहुणे येतात आणि धूळ मागतात, असं आजवर झालं नाही."

मी पिशवीतली सामग्री काढून दाखवली. एक फूट लांब-रुंद चौकोनाचा प्लॅस्टिकचा साचा. तो जमिनीवर चिकटवायचा. नवे हातमोजे घालायचे. विशिष्ट ओला रुमाल घेऊन साच्याच्या आतली जागा आधी आडवी पुसायची, रुमाल घडी करून मग उभी, पुन्हा घडी करून कोपरे. रुमाल बंद नळीत टाकायचा, नळीवर नाव लिहायचं, हातमोजे फेकायचे. प्रत्येक जागेसाठी तेच पुन्हा. शेवटी एक रुमाल नुसता उघडायचा, हवेत धरायचा आणि काहीही न पुसता नळीत बंद करायचा. त्याला आम्ही कोरा नमुना म्हणतो. कोऱ्यात शिसं निघालं तर ते घरातलं नसतं, ते माझ्या हातांचं, पिशवीचं किंवा गाडीचं असतं, आणि मग त्या दिवशीचं सगळं काम वाया.

वसंतरावांनी हे लक्ष देऊन ऐकलं. कुसुमताईंनी ऐकलं नाही. पण मी गुडघ्यांवर बसून त्यांची फरशी पुसायला लागले तेव्हा त्या अस्वस्थ झाल्या. पाहुण्या बाईनं घर पुसायचं हे त्यांना पाहवेना. "अगं, मी पुसून देते ना," असं दोनदा म्हणाल्या. मग थोड्या वेळानं हळूच जवळ आल्या.

"खरी धूळ हवी असेल तर देवघराच्या खोलीतल्या खिडकीत बघा. तिथे मला वाकता येत नाही. पण यांना सांगू नका."

मी तिथलाही नमुना घेतला. निघताना त्यांनी सांबारवडी खायला बसवलं. मी सांबार वाटीत कधी येतंय याची वाट बघत होते. नामदेवभाऊ पोट धरून हसले. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. बेसनाच्या पातळ पारीत कोथिंबीर, खोबरं, खसखस भरून तळलेली ती वडी इतकी चांगली होती की वाटीतलं सांबार आलं असतं तरी मी बाजूला सारलं असतं.

दुसऱ्या घरी मी फोन न करता गेले. त्यांनी आत घेतलं, पण मी आत असेपर्यंत घरातली सून कुठेतरी काहीतरी झटकत राहिली.

आर्णी

आर्णीला सकाळी पोचलो. बाजारात दुचाक्यांची गर्दी, खताची दुकानं, चहाच्या टपऱ्या. किराणा दुकानदाराचं घर दुकानाच्या मागेच होतं. मी आत घरच्यांशी बोलत असताना सामान गाडीतून काढून ओट्यावर ठेवायला नामदेवभाऊंना सांगितलं होतं.

बाहेर आले तर ते माझा साचा पुसत होते. मनापासून, कडा धरून, उजेडात तिरका करून. हातात त्यांचं नेहमीचं फडकं.

"नामदेवभाऊ, हे काय?"

"लय मळला होता म्याडम. चकाचक करून देल्ला."

"हे फडकं कशाचं आहे?"

"गाडीचंच हाये. सकाळी बोनेट खोलून बॅटरीचे टोपन पुसले ना, तेच."

मी तिथेच ओट्यावर बसले. गाडीची बॅटरी पुसलेलं फडकं, आणि त्यानं शिसं मोजायचा साचा पुसलेला. त्यांना काय झालं ते समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"मंग आता?"

"आता हा साचा फेकायचा. पिशवीत दुसरा आहे. पण तुम्ही या हातांनी कोणकोणत्या वस्तूंना हात लावला ते सांगा."

त्यांनी आठवून आठवून सांगितलं. नळ्यांचा डबाही त्यांनीच उचलला होता. मी तो सगळा डबा बाजूला ठेवला. यवतमाळच्या मुक्कामी सामानाचा दुसरा संच होता, म्हणजे परत जाऊन उद्या यायचं. दिवस गेला. परतीच्या वाटेवर नामदेवभाऊ म्हणाले, "साफ करनं बी पाप हाये म्हना की तुमच्या कामात." ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून गाडी रस्त्याच्या पलीकडे लावली आणि सामानाला हात लावला नाही. काम झालं. दुपारी एका खानावळीत झुणका-भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला. सांगलीची असल्यामुळे तिखटाबद्दल माझा जरा ताठा होता. तो तिथे पाण्याच्या दोन तांब्यांसोबत उतरला. वाढणाऱ्या बाईनं न मागता गूळ आणून ठेवला आणि काही बोलली नाही, ही तिची सभ्यता.

पांढरकवडा

नागपूर-हैदराबाद हायवे पांढरकवड्याजवळून जातो. ट्रक, धाबे, टायरची दुकानं. हायवे सोडून आत वळलं की लगेच सागाचं जंगल लागतं. पानं गळून गेलेली, त्यामुळे दूरवर आत दिसतं. पूर्वाचं गाव त्या जंगलाच्या कडेला आहे. गावात कपाशी, तूर, सोयाबीन करणारी घरं, पलीकडे कोलाम आदिवासींची वस्ती, म्हणजे पोड.

घर मोठं होतं. मधे ओसरी, एका बाजूला देवराव आणि शोभाबाईंच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला धाकट्या सुधाकरची नवीन बांधलेली खोली. स्वयंपाकघर एकच. देवराव-शोभाबाईंना मूल नाही. सुधाकर आणि प्रणिता यांची पूर्वा. थोरले दुकान चालवायचे, धाकटा शेती करायचा, आणि दोन्हीचा पैसा एका घरात यायचा. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारेपर्यंत असं चालू होतं.

धूळ मोजायला कोणीतरी येणार हे डॉक्टरांनी या घराला सांगितलं होतं, पण कोणत्या दिवशी ते मी मुद्दाम कळवलं नव्हतं. तरी अंगण सारवलेलं होतं. शोभाबाईंनी पाणी दिलं आणि उभ्या राहिल्या.

"मोजा. आमच्याच बाजूनं सुरुवात करा. साऱ्याइले तेच पायजे ना."

प्रणिता आतून म्हणाली, "कोनी तसं म्हनलं नाई, बाई."

त्यानंतर त्या दिवशी त्या दोघी एकमेकींशी थेट बोलल्याचं मी पाहिलं नाही. एकीनं पीठ मळलं, दुसरीनं वांगी भाजली. ताट वाढताना भाकरी एकीच्या हातची होती, भरीत दुसरीच्या हातचं. पूर्वा मात्र दोघींमधून हवी तशी पळत होती. ती शोभाबाईंच्या मांडीवर चढायला गेली की त्या आधी उठून हात धुवायच्या, कोपरापर्यंत, आणि मगच तिला घ्यायच्या. दुकानात डबा पोचवून आल्यावर तर अंघोळच करायच्या.

काम सोपं नव्हतं. ओसरी शेणानं सारवलेली. सारवलेल्या जमिनीवर ओला रुमाल चालत नाही, जमीनच रुमालाला येते. तिथे छोट्या पंपानं नळीतून हवा ओढून वरवरची धूळ जाळीवर घ्यावी लागते. पंपाचा आवाज ऐकून शेजारची माणसं जमली. देवराव जिथे कपडे टांगायचे ती खुंटी, त्याखालची जमीन, ते जिथे मोटारसायकल लावायचे ती जागा, सगळीकडून नमुने घेतले. शोभाबाई प्रत्येक ठिकाणी येऊन उभ्या राहिल्या.

मग नवीन खोली. फरशी, पांढऱ्या भिंती, दोन मोठ्या निळ्या खिडक्या. पूर्वा माझ्या आधी खिडकीत जाऊन बसली आणि झडप उघड-बंद करू लागली.

"ही तिचीच जागा हाये," प्रणिता म्हणाली. "इथून गाईचा गोठा दिसते. जेवते बी इथीच."

फरशी स्वच्छ होती, खिडकीचा कट्टाही पुसलेला. पण झडप जिथे चौकटीत बसते त्या खाचेत फडकं पोचत नाही, तिथे बारीक धूळ साचली होती. पूर्वाला आईनं उचलून नेलं तेव्हा मी खाचेतला नमुना घेतला, शेजारीच आणखी एक घेतला, म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल. मग खिडकीखालची फरशी, खोलीचा मध्य, दारापाशी. शेवटी कोरा रुमाल.

सुधाकर शेतातून आला. बारीक, घाईघाईनं बोलणारा माणूस.

"म्याडम, आता सांगा ना जी. बॅटरीचंच हाये ना?"

"मला आत्ता काहीच माहीत नाही."

"अंदाजे तरी?"

"अंदाजे सांगितलं तर तुम्ही तेच धरून बसाल. प्रयोगशाळेत मोजल्यावरच सांगेन, आणि इथे येऊन सांगेन."

तो म्हणाला, "आमाले एवढंच कळाले पायजे की भाऊ घरी येऊ शकते का नाई."

परतताना हायवेवरच्या दुकानात थांबले. देवराव उंच, धिप्पाड. मला पाहून ते दोन पावलं मागे गेले, आणि मला पुढे कळलं की ते आता सगळ्यांशीच तेवढं अंतर ठेवून बोलतात. मागच्या बाजूला खाट, स्टोव्ह, एक गोधडी. भिंतीला जुन्या बॅटऱ्यांची रास.

"दुकान बंद करू का?" त्यांनी विचारलं. "तुमी म्हनान तर उद्याच करतो. मले दुसरं कायी येत नाई, पन करतो."

"अजून काहीच करू नका."

"सुधाकर पोरीले दवाखान्यात नेते ना, तं इथून मोटारसायकल हळू घेते. मी आतूनच पायतो. बाहीर येत नाई."

त्यांनी चहा मागवला, पण माझा पेला स्वतःच्या हातानं दिला नाही. टपरीवाल्याला द्यायला लावला.

नागपूर

प्रयोगशाळेतल्या दिवसांत सांगण्यासारखं फारसं नाही. रुमाल आम्लात विरघळवायचे, ते पाणी यंत्रात घालायचं, यंत्र शिसं किती ते सांगतं. पण यंत्रावर विश्वास ठेवायचा नसतो. माझ्या एका सहकाऱ्यानं मला न सांगता काही नळ्यांत मोजून शिसं टाकून ठेवलं होतं, आणि त्यावर घरांच्या नावांसारखीच नावं लिहिली होती. ते शिसं मला बरोबर तेवढंच सापडतं का, यावर बाकीच्या आकड्यांची किंमत ठरणार होती.

खिडकीच्या खाचेचा आकडा आला तेव्हा मला वाटलं, काहीतरी चुकलं. तो इतर कशाहीपेक्षा कितीतरी पट मोठा होता. पुन्हा मोजला, तेच आलं. शेजारच्या जोडनमुन्यात जवळजवळ तेवढंच निघालं. कोरे रुमाल कोरे निघाले. सहकाऱ्याच्या लपवलेल्या नळ्या बरोबर आल्या. बाभुळगाव आणि आर्णीच्या घरांत किरकोळ शिसं होतं, कुसुमताईंच्या देवघराच्या खिडकीतसुद्धा. देवरावांच्या खुंटीखाली त्या घरांपेक्षा जास्त होतं. पण पूर्वाच्या खोलीत ते खिडकीपासून सुरू होऊन दाराकडे कमी कमी होत गेलं होतं, उतारावरून पाणी जावं तसं. बाहेरून दारातून आलं असतं तर उलट दिसलं असतं.

डॉक्टरांना कळवलं. घरी काही सांगू नका, मी जाते, असंही सांगितलं. आकडे फोनवरून सांगितले की ऐकणारा त्यातला अर्धा भाग घेऊन घरभर फिरतो.

पुन्हा पांढरकवडा

मार्चमध्ये तोच रस्ता वेगळा होता. पळस फुलले होते. पानं नसलेल्या काळ्या फांद्यांवर केशरी फुलं, आणि उन्हानं डांबर पाझरत होतं. नामदेवभाऊंनी गाडीत नवीन फडकं घेतलं होतं, आणि ते मला दाखवून, "हे फक्त काचेले," असं सांगितलं.

ओसरीत सगळे बसले. शोभाबाई खांबाला टेकून, प्रणिता दारात, पूर्वा तिच्या मांडीवर. सुधाकर माझ्यासमोर.

मी सरळ सांगितलं. "देवरावांच्या खुंटीखाली शिसं आहे. इतर घरांत असतं त्यापेक्षा जास्त. त्यांनी दुकानातच अंघोळ करून, कपडे बदलून घरी यायला हवं, आणि दुकानातले कपडे इथे आणायचे नाहीत. पण पूर्वाला जे झालं ते मुख्यतः त्यामुळे नाही. सगळ्यात जास्त शिसं तिच्या खोलीच्या खिडकीत आहे. या खिडक्या कुठून आणल्या?"

प्रणितानं नवऱ्याकडे पाहिलं.

"यवतमाळहून आणलत्या," सुधाकर म्हणाला. "जुना बंगला पाडून राह्यले होते. अस्सल सागवान, नव्याच्या अर्ध्यात भेटल्या."

"रंग कोणता होता?"

"हिरवा. जुनाट, पापुद्रे निघून राह्यले होते. म्या घासून काढला आन् निळा मारला."

"कुठे घासला?"

"खोलीतच. बसवल्यावर."

"पूर्वा कुठे होती?"

याचं उत्तर प्रणितानं दिलं. "इथीच होती. यांच्यापाशी. ते भुकटी फुंकत, तं तिले मजा वाटे."

जुन्या तेलरंगांत शिसं असायचं हे मी त्यांना सांगितलं. घासल्यावर त्याची भुकटी होते, आणि जेवढा रंग उरला होता तो झडप उघड-बंद केली की रोज थोडा थोडा खाचेत पडत होता. त्या खाचेशेजारी बसून मूल जेवत होतं. देवराव घरात होते तेव्हाही आणि दुकानात गेले तेव्हाही. म्हणून आकडा उतरला नव्हता.

सुधाकर उठला. मला वाटलं, पाणी प्यायला जातोय. तो गोठ्यातून पहार घेऊन आला आणि तडक खोलीत शिरला. मी मागे धावले.

"थांबा. अशी काढू नका."

"आताच्या आता काढतो."

"आत्ता उपटलीत तर सगळी भुकटी पुन्हा घरभर होईल. जे झालं तेच पुन्हा होईल."

पहार चौकटीच्या फटीत घातलेली होती. त्याला माझं ऐकू येत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. शोभाबाई आत आल्या आणि त्यांनी पहारेवर हात ठेवला.

"भाऊजी, द्या ते इकडं."

"वहिनी, म्याच देल्लं तिले हे. माह्या हातानं देल्लं."

"ठाऊक नव्हतं तुमाले." त्यांनी पहार काढून घेतली, भिंतीला लावली. मग त्यांचा आवाज बदलला. "यायलेबी ठाऊक नव्हतं. पन ते थंडीतून दुकानात झोपून राह्यले. पांघराले काय हाये म्हून कोनी इचारलं नाई. मीच एक डबा घेऊन जात होती."

सुधाकर खाली फरशीवर बसला. कोणीच त्याला उठवायला गेलं नाही. पूर्वा दारातून त्याच्याकडे पाहत होती, तिला आईनं आत येऊ दिलं नाही.

मग मी कामाचं सांगितलं. खिडक्या काढायच्या, पण मुलीला आणि बायकांना तोवर दुसरीकडे ठेवून. आधी पाण्यानं भिजवायच्या, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, घासायचं अजिबात नाही. खोली झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, फडकं फेकून द्यायचं. मुलीचे हात जेवणाआधी धुवायचे, जेवायला ओसरीत बसवायचं. दूध, पालेभाजी, डॉक्टरांच्या गोळ्या. प्रणितानं प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली. सुधाकरनं मान हलवली.

"आकडा कमी होईल?" तिनं विचारलं.

"नवीन शिसं पोटात गेलं नाही तर होईल. हळूहळू."

"आन् जे झालं ते?"

ते डॉक्टर सांगतील, असं मी म्हणाले. तिनं ते ऐकून घेतलं.

मी निघाले तेव्हा ती पूर्वाला कडेवर घेऊन गाडीपाशी आली.

"म्याडम, गाडीत जागा हाये का?"

कुठे जायचं ते मी विचारलं नाही. शोभाबाई अंगणात उभ्या राहून पाहत होत्या. प्रणिता त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "बाई, चाला ना." त्या आत गेल्या, पायांत चपला घालून आल्या आणि मागच्या सीटवर तिच्याशेजारी बसल्या. वाटेत पूर्वा थोडी एकीच्या, थोडी दुसरीच्या मांडीवर आडवी झोपली होती.

दुकानासमोर उतरल्यावर प्रणितानं पदर डोक्यावर घेतला. ती देवरावांच्या धाकट्या भावाची बायको. त्या भागात अशा सुनेनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नाही. बोलायचंच असेल तर लेकराच्या तोंडून बोलतात. शोभाबाईंनी मला नंतर सांगितलं की लग्न झाल्यापासून ती देवरावांशी एक शब्दही थेट बोललेली नव्हती.

देवराव बॅटरीवर वाकले होते. आम्हाला पाहून ताठ झाले आणि सवयीनं मागे सरकले.

प्रणिता पूर्वाकडे पाहून म्हणाली, "पूर्वा, मोठेबाबाले सांग, घरी चाला म्हना."

देवरावही पूर्वाकडे पाहूनच म्हणाले, "आईले सांग, पोरी. आदी तुहा नंबर उतरू दे. मंग येतो."

पूर्वानं दोघांकडे पाहिलं आणि काहीच सांगितलं नाही.

प्रणितानं मान वर केली. पदर तसाच होता. आवाज मोठा नव्हता, पण शेजारचा टायरवाला काम थांबवून पाहू लागला.

"तो नंबर तुमचा नाई," ती देवरावांना म्हणाली. "आमच्या खिडकीचा हाये. यायनंच घासली होती. तुमी घरी चाला."

देवराव तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि कपड्यांचं, अंघोळीचं सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकलं, "हो जी, हो जी," म्हणाले आणि दुकानाच्या मागे गेले. तिथल्या नळावर त्यांनी साबण लावून हात धुतले, मान धुतली, पाय धुतले, पुन्हा हात धुतले. शोभाबाईंनी आत जाऊन खाटेखालच्या पिशवीतून धुतलेला सदरा आणून दिला. तो घालून ते बाहेर आले. केसांतून पाणी गळत होतं.

पूर्वा आईच्या कडेवरून त्यांच्याकडे झुकली होती. दोन्ही हात पुढे केलेले. ते तिच्यासमोर येऊन थांबले. हात अंगाशी धरलेले. आईला किंवा बायकोला त्यांनी काही विचारलं नाही, मला विचारलं.

"म्याडम, उचलू का?"

"उचला," मी म्हटलं.